दहा वाजताची खोटी बेल

कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत रोज सकाळी बरोबर दहा वाजता गच्चीवरच्या टाकीची बेल वाजायची. टाकी भरली की वाजावी म्हणून बसवलेली बेल. पण दहाला टाकी भरलेलीच नसायची. पंपवाले काका ती मुद्दाम वाजवायचे. माझं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि दहालाच माझी ऑफिसची ऑनलाइन मीटिंग. मी तोंड उघडलं की बेल कोकललीच.

शेवटी कमिटीला तक्रार लिहिली, चांगली दोन पानी. त्यात 'कालबाह्य पद्धत' असले भारी शब्द घातले आणि काकांऐवजी आपोआप चालणारं यंत्र बसवा असं सुचवलं. सेक्रेटरी म्हणाले, "याला म्हणतात इंजिनिअर!" मी फुगलो.

आता या इंजिनिअरने काय दिवे लावले ते ऐका. पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरचा कोड मी जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत लिहीत होतो आणि त्याच्या युनिट टेस्टही. म्हणजे कोडचा एकेक तुकडा नीट चालतो का, हे तपासणारा छोटा कोड. बरोबर असेल तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. माझ्या सगळ्या टेस्ट हिरव्यागार, मेथीच्या जुडीसारख्या.

एके सकाळी पत्ता तपासणाऱ्या फंक्शनमधला, म्हणजे कोडच्या एका तुकड्यातला, सगळा मजकूर माझ्या हातून चुकून पुसला गेला. टेस्ट चालवल्या, तरीही सगळ्या हिरव्या! मी टेस्ट पुन्हा ओळीओळीने वाचल्या. सर्व्हरच्या कोडला उत्तर द्यायला जरा वेळ लागतो, म्हणून टेस्टला 'थांब' असं लिहून सांगावं लागतं. तेवढं एक मी कुठेच लिहिलं नव्हतं. माझ्या टेस्ट प्रश्न विचारायच्या आणि उत्तर न ऐकताच पास होऊन मोकळ्या. एकही कधी लाल झालेली मी पाहिली नव्हती, आणि गाढवासारखा त्याचाच गर्व करत होतो.

तेवढ्यात दहाची बेल वाजली. सगळा राग घेऊन मी गच्चीवर गेलो. काका टाकीत हात घालून फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, वर उचलत होते. तो वर गेला की बेल वाजायची.

"काका, टाकी अर्धी आहे. कशाला उगाच वाजवता?"

"बेल जिती हाय का बघाय नगं?" काका साताऱ्याकडचे. "टाकी खरंच भरंस्तवर वाट बघितली आन् तवाच ही गप ऱ्हायली, तर पानी जिन्यातनं तुमच्याच दारात."

मी खाली आलो. प्रत्येक टेस्टमध्ये 'थांब' लिहिलं. एकवीस टेस्ट लाल झाल्या.

तसाच सेक्रेटरींकडे गेलो. तक्रार मागे घेतो म्हणालो.

"आता कसली मागे घेता? यंत्राची ऑर्डर गेली. काकांना महिनाअखेरपर्यंतच काम आहे असं सांगितलंय. तुमचं पत्र सगळ्यांना फार पटलं हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटच्या दिवशी काका मलाच म्हणाले, "यंत्राचीबी बेल रोज बघत जावा." पत्र कुणी लिहिलं हे त्यांना ठाऊक होतं का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता रोज दहाला मी मीटिंग सोडून वर जातो आणि फ्लोट उचलतो. गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने कमिटीकडे माझी तक्रार केली. दोन पानी आहे. 'कालबाह्य पद्धत' त्यातही आहे.