मेणातले दात

दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत तीस वर्षं कवळ्या करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली कवळीबाई म्हणायची. स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असताना हे नाव चिकटलं, याचं त्यांना हसूच यायचं. खोली म्हणजे तरी काय, एक खिडकी, एक लांब टेबल, प्लास्टरच्या साच्यांनी भरलेली फळी आणि कोपऱ्यात पॉलिशची मोटर. त्या मोटरपाशी काका.

काका नात्याने कोणी नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी एका पिशवीनिशी सीमेपलीकडून आलेला माणूस. बाई दवाखान्यात लागल्या त्या फरशी पुसायला. नवरा गेलेला, पदरात दोन वर्षांची मुलगी. एक दिवस काकांनी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तळहातावर एक कवळी ठेवली. "डोळे मीट आणि बोट फिरव. कुठे टोचतंय सांग." डॉक्टरांनाही न सापडलेलं कुसळाएवढं टोक बाईंच्या बोटाला लागलं. "उद्यापासून फरशी दुसरं कोणीतरी पुसेल," काका म्हणाले. काकांनी शिकवलेल्या त्या कामावर बाईंचा संसार उभा राहिला, मुलगी शिकली, तिचं लग्न झालं. हे ऋण बाई रोज आठवायच्या, पण काकांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. रोज समोर बसणाऱ्या माणसाला असलं काही कसं म्हणायचं, हे भल्याभल्यांना जमत नाही.

मग त्या वर्षी नेतेसाहेब बोलायला लागले. बाहेरून आलेली माणसं म्हणजे घरात शिरलेली वाळवी, एकेकाला शोधून काढा, असं ते हात उगारून सांगायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. साहेबांची माणसं घरोघर फिरून नावं लिहून घेऊन गेली. काकांच्या घरमालकाने दुसऱ्याच दिवशी महिनाअखेरीला खोली रिकामी करायला सांगितलं. सत्तरी ओलांडलेला माणूस जाणार कुठे? काका फक्त दवाखान्यात मागच्या बोळातून यायला लागले.

आणि यादी ज्या दिवशी चौकातल्या सभेत वाचली जाणार होती, त्याच दुपारी साहेब दवाखान्याच्या खुर्चीत येऊन बसले! वरची कवळी जुनी झाली होती, माइकसमोर टकटक वाजायची. माप आठवड्यापूर्वीच गुपचूप देऊन गेले होते. नव्या कवळीचे दात काकांनीच मेणात बसवले होते. कवळी पक्की करण्याआधी ती अशी मेणात लावून तोंडात घालून बघतात, पाच मिनिटं. चावायचं नाही, फार बोलायचं नाही, गरम तर काही प्यायचंच नाही.

नेमका तेव्हा डॉक्टरांना फोन आला. साहेबांनी आरशात बघितलं, स्वतःवर खूश झाले, काम झालं असं समजून गाडीत बसून चालते झाले. डॉक्टर परतले तर खुर्ची रिकामी आणि ट्रेमध्ये जुनी कवळी.

बाईंना हसू आवरेना. स्टेजवर चढण्याआधी साहेबांचा गरम चहा ठरलेला. दोन घोटांत मेण मऊ होणार, आणि पहिल्याच टाळीला पुढचे दात माइकवर! अख्ख्या गावासमोर बोळकं!

"बाई, आपण काही पाहिलं नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. तसे भित्रे, पण डोळे मात्र चमकत होते.

काकांनी मोटर बंद केली. "ती जुनी डबीत घाल आणि नेऊन दे."

"काका, अहो तुमचं नाव आहे त्या यादीत! त्याची फजिती झाली तर आज ती वाचली जाणार नाही."

"आणि उद्या? उद्या पक्के दात घालून वाचेल. लोक त्याच्या बोळक्याला हसतील आणि तो काय बोलत होता ते विसरून जातील."

"म्हणजे अशा माणसाला सोडून द्यायचं?"

"सोड कुठे म्हटलं मी? काय सुनवायचंय ते सुनव की, भर चौकात सुनव. पण पोरी, आपल्या खुर्चीत त्याने तोंड उघडलं ते आपल्या भरवशावर. ते बाहेर नाही काढायचं."

बाई चरफडत डबी घेऊन निघाल्या. चौक दोन मिनिटांवर, पण पाय उचलत नव्हते. खरं सांगायचं तर वाटेत गटारीपाशी त्या थांबल्याही होत्या. डबी पडली म्हटलं असतं तर कोणी विचारलं नसतं. काका मात्र संध्याकाळी समोर बसले असते. बाईंनी डबी पदरात घट्ट धरली.

स्टेजमागच्या कापडाआड साहेब चहाच्या कपात फुंकर मारत होते. बाईंनी कप बाजूला सारला आणि कानाशी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पाठ फिरवून त्यांनी कवळी बदलली. घाईत ती आधी उलटीच धरली, आणि बाईंना, नको असताना, त्यांची दया आली.

"कोणाला सांगू नका," साहेब पुटपुटले.

"नाही सांगणार. पण तुमच्याशी दुसरं बोलायचंय, आणि ते मी इथे कापडाआड बोलणार नाही."

सभा सुरू झाली. टाळ्या झाल्या, वाळवी झाली, आणि साहेबांनी खिशातून यादी काढली. बाई उठून उभ्या राहिल्या. 

"साहेब, वाचण्याआधी एक विचारते. त्यात एका कवळी करणाऱ्याचं नाव आहे. मी फरशी पुसत होते, त्यांनी मला कामाला लावलं. माझ्या मुलीच्या पोटात अन्न गेलं ते त्यांच्यामुळे. ही वाळवी असेल तर मला समजावून सांगा."

"खाली बसा!" कोणीतरी ओरडलं. दुसऱ्याने बाईंचा दंड धरला. साहेब बाईंकडे टक लावून बघत होते. आता ही बोलणार, आता सगळं बाहेर काढणार, हे भय त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. बाईंनी तेवढं एक वाक्य गिळलं. आयुष्यात इतकं कठीण काही गिळलं नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठली. काकांच्या घरमालकाची आई. तिने तोंडात बोट घातलं, कवळी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "ही त्यानेच केलीय," ती बोबड्या आवाजात म्हणाली. "अकरा वर्षं झाली, एकदा टोचली नाही." मागे वळून तिने लेकाला शोधलं. "तू महिनाअखेरीला त्याला कसा काढतोस ते बघतेच मी!"

लोक हसले, पण ते हसू तिच्यावर नव्हतं. मग एक निवृत्त मास्तर उठले, मग पोस्टातले आजोबा. बघता बघता चौकात सात-आठ कवळ्या वर झाल्या. ज्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला बोळकं दाखवलं नव्हतं, ती माणसं सगळ्यांदेखत बोळकी दाखवत उभी होती. काका गर्दीच्या कडेला येऊन उभे राहिले होते, बोळातून नाही, हमरस्त्याने आले होते. बाईंना समोरचं दिसेना, डोळे भरून आले होते.

साहेबांना उपरती वगैरे काही झाली नाही. "यादी पुढच्या वेळी," असं म्हणून ते पाणीपुरवठ्याकडे वळले. पण काकांची खोली राहिली. म्हातारी लेकाला पुरून उरली.

मेणातली कवळी दुसऱ्या दिवशी पाकिटातून परत आली. "ही आपण नाही करायची," बाई म्हणाल्या. काकांनी ती पक्की केली आणि मोटरवर धरली.

"नीट बसली पाहिजे. तो काय बोलतो ते लोकांना स्पष्ट ऐकू यायला हवं."

बाई मोटरच्या घरघरीत काहीतरी म्हणाल्या. काकांनी बटण बंद केलं. "काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझ्यावर उपकार झाले तुमचे. तीस वर्षं सांगायचं राहिलं होतं."

काकांनी हात पुसले. मग त्यांनी साहेबांची कवळी बाईंच्या तळहातावर ठेवली. "डोळे मीट."

बाईंनी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. टोचत नाही म्हणून सांगून टाकावं, असं क्षणभर मनात आलं.

"इथे," त्या म्हणाल्या, "जरासं टोचतंय." काकांनी कवळी परत घेतली आणि मोटर सुरू केली.