काय वाजतंय ते सांग

दुकानात गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होतो, तेवढ्यात फोन वाजला. दत्ताचा धाकटा भाऊ. "दादा गेला," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. मी पेणच्या माझ्या औषधाच्या दुकानात उभा, भोवती सगळ्या दुखण्यांवरच्या गोळ्या... आणि हातात ती खोकल्याची बाटली तशीच. महिना होऊन गेला, तरी पेपरात नव्या सिनेमाची जाहिरात दिसली की दत्ताची कंपनीतली शिफ्ट कुठली असेल हे मी आधी मनात बघतो, आणि मग स्वतःवरच चिडतो.

दत्ता पेणजवळच्या जिते गावचा. पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे तो रोह्याला एका कंपनीत लागला, लग्न झाल्यावर तिथेच राहिला; पण सिनेमाला मात्र मी पाहिजेच. सिनेमातल्या गाण्यांवर जीव टाकणारे पुष्कळ असतात. ह्या शहाण्याचं प्रेम गाण्यांवर नाहीच. पडद्यावर दोन माणसं नुसती बोलत असतात तेव्हा मागे जे हळूच वाजत असतं, त्यावर. लोक गाणं आलं की सरसावून बसायचे, हा गाणं आलं की वडे आणायला बाहेर पडायचा. "गाण्यात सगळे सारखेच रे. माणूस कसा हाय ते मागच्या वाजण्यात कळतं." एकदा भर सिनेमात त्यानं मला डोळे मिटायला लावले. पडद्यावर थोरला भाऊ धाकट्याला मिठी मारून गोड गोड बोलत होता. मागे छान सतार चालली होती, आणि तिच्याखाली एक जाड, घोगरा सूर कुणीतरी नुसता धरून ठेवला होता. "ऐकलंस? ह्याच्या पोटात पाप हाय. धाकट्याला माहीत नाय, आपल्याला सांगून टाकलं." मध्यंतरानंतर थोरल्यानं जमीन लाटली, तेव्हा सिनेमा स्वतःच काढल्यासारखा दत्ता माझ्याकडे बघत होता.

मग त्याचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. कंपनीत त्याची ड्युटी कंप्रेसरच्या खोलीत, सतत कानठळ्या बसवणारा आवाज. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचं काम चालू होतं त्या वर्षांत त्याला गाडीची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, नस गेली, ती परत येत नाही. कानाचं मशीन आणलं, तर त्यातून पंख्याची घरघर आणि खुर्च्यांची करकर तेवढी मोठी झाली. बायको काय म्हणते, पोरं काय म्हणतात, ते तो ओठांवरून ओळखायला शिकला. सिनेमातली बोलणीही बरीचशी ओळखायचा. पण वाद्यांना ओठ कुठून आणणार?

तरी त्यानं मला रोह्याला सिनेमाला बोलावलं. "बोलणं मी बघतो. तू फक्त काय वाजतंय ते सांग." त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं. पाळण्यातून हरवलेला मुलगा मोठा होऊन नकळत आपल्याच आईच्या दारात पाणी मागायला येतो, असा तो सिनेमा. ती त्याला ओळखत नाही, तो तिला. ती तांब्या देते, तो पाणी पितो, तांब्या परत देतो. एक शब्द नाही. फक्त मागे बासरीवर तिची जुनी अंगाई येते, तीसुद्धा अर्धीच... सगळं थिएटर नाक ओढायला लागलं. दत्तानं इकडेतिकडे पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं. आपला आवाज किती मोठा येतो हे त्याला कळत नसे. "पाणीच पितोय ना? मग रडतायत का सगळे?"

त्याला ओठ दिसावेत म्हणून पडद्याच्या उजेडात तोंड धरून मी म्हणालो, "बासरी."

"कुठली चाल?"

"अंगाई. तिचीच."

"कशी हाय?"

"हळू."

"हळू म्हंजे कशी रे?"

मी त्याचा हात घेतला आणि तळव्यावर बोटानं ठेका धरला. तो डोळे मिटून वाट बघत राहिला. पण ठेक्यातून चाल कशी जाणार? इतका हतबल मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. शेवटी डोळे उघडून तो "व्हय, व्हय" म्हणाला, पोराची समजूत काढावी तसा. बाहेर आल्यावर म्हणाला, "त्या आईनं काम बरं केलं नाय. नुसती उभी व्हती." मी म्हणालो, तिला उभंच राहायचं होतं, बाकीचं बासरीनं केलं. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. त्यानंतर त्यानं मला सिनेमाला बोलावलं नाही.

परवा रोह्याला त्याच्या घरी गेलो. वहिनी सतरंजीवर बसून टीव्हीवर सिनेमा बघत होत्या. आवाज अजिबात नाही.

"बिघडलाय काय, वहिनी?"

"नाय भावोजी. ते बघायचे तेव्हा मी आवाज बंद करून ठेवायची. त्यांना नाय तर मला कशाला? त्यांना कधी कळलंच नाय." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "परवा लावला आवाज. सगळं मोठ्यानं वाजायला लागलं... तेव्हा वाटलं, घरात कोण नाय."

त्यांनी सरकून मला जागा करून दिली. मी बसलो. पडद्यावर एक मुलगी खिडकीशी उभी होती, तोंड मिटून. माझ्याकडे न बघता वहिनींनी विचारलं, "ही रुसलीय, का वाट बघतेय कुणाची?"

मागे काय वाजत असेल, ते मी तिच्या मिटल्या ओठांवर शोधत राहिलो.