हात वर कर

परवा फिजिओथेरपीच्या मुलीने माझ्या खांद्याला तिळाचं तेल चोळलं आणि त्या वासासरशी मी साठेक वर्षं मागे, यवतमाळच्या कोर्टात जाऊन उभी राहिले.

मी सात वर्षांची होते. जन्माच्या वेळी डॉक्टरने घाईत ओढून काढल्यामुळे माझा डावा हात लुळा पडला होता. बाबा घाटंजीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. भरपाईचा दावा लावून पाच वर्षं ते मजुरी बुडवत तारखांना जात होते. माय मात्र रोज हेच तिळाचं तेल लावून माझ्याकडून हात उचलून घ्यायची.

न्यायाधीश म्हणाले, "बाळ, हात वर कर बघू."

सगळे माझ्याकडेच पाहत होते. मला वाटलं, ही परीक्षाच आहे. दात आवळून, खांद्याला हिसका देऊन मी हात कानापर्यंत नेला आणि हसत बाबांकडे पाहिलं. डॉक्टरचे वकीलही हसले. बाबांनी मान खाली घातली.

दावा पुढे महिन्याभराने फेटाळला गेला, पण बाबांना निकाल त्याच क्षणी कळला असणार. हे मला फार उशिरा उमगलं.

परतताना एसटीत माय रडत म्हणाली, "आजच काहून उचलला वं? घरी तं छातीच्या वर येत नव्हता."

"तिले काही बोलू नको," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "थकलो मी आता. पण पोरीचा हात एवढा वर गेलेला मी कधी पाह्यला नव्हता."

तेवढा वर तो पुन्हा कधीच गेला नाही.