बंडूची पाठवणी

जेवण झालं की डॉक्टर अच्युत खरवंडीकरांचे डोळे मिटायला लागतात, हे प्राणिसंग्रहालयातल्या माकडांनासुद्धा माहीत आहे. आजही तेच चाललंय. पिठलं-भाकरीचा डबा रिकामा झालाय, दवाखान्याच्या खोलीत पंखा कुरकुरतोय आणि आरामखुर्चीत डॉक्टरांची मान हळूहळू छातीकडे निघालीय. पण आज धड झोप येत नाही आणि धड जागही राहत नाही, कारण चहाच्या सुमाराला एक फोन येणार आहे. दक्षिणेकडच्या एका मोठ्या प्राणिसंग्रहालयातले डॉक्टर विचारणार आहेत की तुमचा बंडू आम्हाला देताय ना, बदल्यात आमचा नर तुमच्याकडे येईल. हो की नाही, एवढंच सांगायचंय. संचालकांनी केव्हाच अंग काढून घेतलंय. हत्ती तुमचे, तुम्हीच काय ते ठरवा, म्हणाले.

बंडू म्हणजे आफ्रिकन हत्ती, सुपासारख्या कानांचा. आला तेव्हा एवढंसं पिल्लू होता, डॉक्टरांनी त्याला बाटलीनं दूध पाजलं आणि लाडानं बंडू म्हणाले. नाव तेवढंच राहिलं, बंडू मात्र छपराला टेकला. त्याच विमानातून शेवंती आली, तीही तेवढीच. दोघंही खाऊनपिऊन ठणठणीत. शेवंतीचं रक्त तपासलं तर तिचं चक्र बिनचूक चाललंय, बंडूलाही वेळच्या वेळी मद येतो, पण पिल्लाचं नाव काढू नका. दोघं एका ढिगातला चारा ओढतात, एकमेकांवर माती उडवतात आणि पाठ फिरवून झोपतात. डॉक्टरांनी खुराक बदलला, दोघांना काही महिने वेगळं ठेवून पुन्हा एकत्र आणलं, परदेशातून तज्ज्ञ बोलावला. तोही खांदे उडवून परत गेला. इकडे शेवंतीचं वय चाललंय. हत्तिणीला वेळेत पिल्लू झालं नाही तर गर्भाशयात गाठी होतात, मग ते कायमचं राहूनच जातं. हे सगळं डॉक्टरांना पाठ आहे. तरी बंडूला पाठवायचं म्हटलं की ते विषय पुढं ढकलतात, त्याला काय करणार?

पंखा कुरकुरतो, कुरकुरतो, आणि मग कुरकुरत असतो तो झोपाळा. झोपाळ्यावर कुमुदताई बसलीय.

कुमुदताई ही डॉक्टरांची थोरली बहीण. गेल्या पौषात वारली. होती तोवर सासरच्या घरी पुढच्या खोलीत वधूवर सूचक मंडळ चालवायची आणि अर्ध्या जिल्ह्याची लग्नं तिनं जमवली होती. आत्ताही तिच्या नाकावर तोच चष्मा आहे, दोरीला बांधलेला.

"अच्या, पाय पुसून आत ये," ती म्हणते. "मुलीकडची मंडळी आलीत."

डॉक्टर निमूट पाय पुसतात. आपली बहीण आता या जगात नाही हे त्यांना नीट आठवतंय, पण घरात मंडळी आलेली असताना असलं काही काढू नये.

दिवाणावर शेवंती बसलीय, सोंडेत पोह्यांचं घमेलं धरून. दिवाण मोडत कसा नाही कोण जाणे. बंडू खिडकीशी पाठमोरा उभा राहून शेजाऱ्यांच्या झाडाची पपई लांबवतोय. स्थळ बघायला आल्याची काही म्हणून जाणीव नाही त्याला. ताई शेवंतीबद्दल सरळ प्रश्न विचारत सुटते. मुलगी निरोगी ना, चिडकी नाही ना, शिवण येतं का हे ती सवयीनं विचारते आणि मग स्वतःच ओशाळते. डॉक्टर मुलीकडूनही बोलतात आणि मुलाकडूनही, आणि दोन्हीकडून त्यांना घाम फुटतो. सुईनंसुद्धा, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेचा, एकदा प्रयत्न करून बघितला, असं ते हळूच सांगतात तेव्हा ताई पदर तोंडाला लावते आणि विषय बदल म्हणून खूण करते.

मग ती भिंतीकडे बोट दाखवते. ज्या भिंतीवर ताईनं जमवलेल्या जोडप्यांचे फोटो असायचे तिथं आज वर्तमानपत्रातली कात्रणं लावलीत. प्रत्येकात शेवंती आहे, प्रत्येकात बंडू आहे, आणि बंडूच्या सोंडेला परातीएवढी राखी आहे.

"ही कल्पना कुणाची?"

"माझीच," डॉक्टर म्हणतात. "राखीपौर्णिमेला गर्दी खूप होते गं."

"म्हणजे श्रावणात तिच्याकडून त्याला राखी बांधून घ्यायची, आणि भाद्रपदात विचारायचं की पाळणा का हलत नाही?"

"ताई, हत्तींना राखी कळत नाही."

"राखी नसेल कळत. एका घमेल्यात जेवून वाढलेला भाऊ कळतो."

हेच तर डॉक्टर स्वतः दर व्याख्यानात सांगतात. कळपात मुली आईपाशीच राहतात, मुलगा वयात आला की आई-मावश्या मिळून त्याला बाहेर काढतात, मग तो परक्या कळपात जाऊन संसार करतो. ताईला हे फार आवडतं. म्हणजे तुमच्यात नवरामुलगा सासरी जातो म्हण की, असं म्हणून ती इतकी हसते की झोपाळा भिंतीला लागतो.

सनई वाजते. खोली आता मंगल कार्यालय झालीय. ताई हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधून पाटावर उभी आहे, चष्मा मात्र तसाच. डॉक्टरांची पँट अर्धी झालीय आणि गुडघे खरचटलेत. मंगलाष्टकं चाललीत, सगळे अक्षता टाकताहेत. बंडूसुद्धा पाहुण्यांत उभा राहून सोंडेनं भिरकावतोय. एकटा अच्या मूठ आवळून उभा आहे. सगळ्यांच्या अक्षता पडल्याशिवाय लग्न लागत नाही, अशी त्याची पक्की समजूत आहे. लग्न लागलं नाही तर ताई जाणार नाही.

"तेव्हाही असाच उभा होतास," ताई अंतरपाटावरून वाकून म्हणते. "लग्न काय लागायचं राहिलं?"

"नाही."

"मी गेले म्हणून तुटले का तुझ्यापासून?"

"दर राखीला यायचीस." डॉक्टरांचा आवाज त्या अर्ध्या पँटीतल्या मुलासारखा होतो. "ह्या वर्षी नाही आलीस. बंडूही गेला तर मला आहे कोण, ताई?"

ताई त्यांची कॉलर नीट करते, ती नीट असतानाच. तिचा हात गार नाही, नेहमीसारखाच आहे.

"आयुष्यात माझं एकच स्थळ जमलं नाही, ते तुझं," ती म्हणते. "त्याची शिक्षा त्या दोघांना कशाला? शेवंतीकडे बघ जरा. तिच्यापाशी वेळ कुठाय?"

डॉक्टर बघतात. शेवंती मांडवाच्या कडेला उभी आहे, रिकामं घमेलं पायाशी ठेवून, कुणी आणखी वाढेल म्हणून वाट बघत. त्यांना फार वाईट वाटतं. ते मूठ उघडायला जातात, तर ताई मुठीवर हात ठेवते.

"आत्ता नको. पाठवताना उघड."

सनईचा सूर लांबत जातो, कर्कश होतो, आणि टेबलावर फोन वाजत असतो.

डॉक्टर डाव्या हातानं फोन उचलतात, कारण उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. पलीकडचे डॉक्टर नमस्कार-चमत्कार करून मुद्द्यावर येतात.

"हो," डॉक्टर खरवंडीकर म्हणतात. "पाठवतो." मग थोडं थांबून सांगतात की त्याला गूळ नुसता देऊ नका, शेंगदाण्यांबरोबर लागतो. आणि प्रवासाच्या पिंजऱ्यात शिरायची सवय आम्ही इथं लावून देऊ, घाई करायची नाही, आणि मी सोबत येणार आहे. पलीकडचे बरं बरं म्हणतात. ह्यांना डोळे पुसायचेत, पण एका हातात फोन आणि दुसरी मूठ मिटलेली.

ते तसेच हत्तीखान्याकडे जातात. बंडू कठड्यावरून सोंड बाहेर काढतो, रोजच्यासारखे दोन्ही खिसे तपासतो आणि मग मुठीशी येऊन फूं फूं करतो. डॉक्टर मूठ उघडतात. तळहातावर कुंकवानं माखलेले तांदूळ आहेत, घामानं चिकटलेले. ते आता टाकायचे कसे, काही म्हणायचं असतं का, असा विचार डॉक्टर करताहेत तोवर बंडू सोंडेनं सगळे ओढून घेतो आणि माती उडवावी तसे आपल्याच डोक्यावर उडवतो. थोडे शेवंतीवर पडतात. ती कान हलवते आणि चारा खात राहते.

हत्तीखान्यावरचा राखणदार मौलाली पाण्याचा पाइप घेऊन येतो, डॉक्टरांच्या हाताकडे बघतो आणि दचकतो. लागलं का साहेब, विचारतो, धुऊन टाका म्हणून पाइप पुढं करतो.

डॉक्टर लाल तळहात मागं घेतात.

"राहू दे," ते म्हणतात. "घरात लग्न आहे."