संपात गेला नाही माझा भाऊ

"बायको कोकणात, आणि तू एका खोलीत एवढ्या बाप्यांबरोबर झोपतोस. मग मागून रक्त येणारच."

परळच्या डॉक्टरने दादाला हे टेबलापलीकडून सांगितलं. दार उघडं. बाहेर बाकावर आमच्याच गिरणीची माणसं. कंपाउंडर हसला. बाकावरचे हसले. मीही हसलो. मी, सख्खा धाकटा भाऊ. हसलो नसतो तर मलाही त्यातलाच धरला असता.

दादाचा हात लेंग्याच्या नाडीवर होता.

"राहू दे. मी असल्या ठिकाणी हात लावत नाही," डॉक्टर म्हणाला. मूळव्याधीचं मलम लिहिलं. बिडी सोड, एवढंही सांगितलं नाही.

"चल, घराक जाऊया." दादा माझ्याकडे न बघता बोलला.

गिरणी चालू होती तेव्हा रक्त पडलं की आम्ही साच्याखात्यातल्या मागांच्या उष्णतेवर ढकलायचो. ब्याऐंशीच्या संपात उपासावर ढकललं. पुढे गाठ हाताला लागायला लागली. मोठ्या इस्पितळात चल म्हटलं की दादा विचारायचा, "परत हसूक येतलस?"

शेवटी नेला तेव्हा गुदद्वाराचा कॅन्सर आत पसरला होता. वहिनी पोचायच्या आत गेला. मी गावाला कळवलं, संपात गेला, उपासमारीने. चाळीने हुतात्मा म्हणून फोटो लावला. मी हार घातला. खोटा हार.

परवा नातवाला दादरच्या डॉक्टरकडे नेलं. सुनेने एचपीव्हीच्या लशीचं विचारलं. दादाला झाला तसला कॅन्सर ज्या विषाणूने होतो, त्याची लस.

"मुलग्याला कशाला? असले कॅन्सर तसल्या लोकांना होतात. तुमच्यासारख्या घरात नाही."

"बाबा, चला," सून पुटपुटली.

मी उठलो नाही. "मुलग्यांनाही देतात. मी चौकशी करून आलोय."

"व्हॉट्सअॅपवर वाचलंत वाटतं, आजोबा?"

"नाही. भाऊ जाळून आलोय. तसला होता की नव्हता, मी विचारलं नाही. तुम्हीही विचारायचं नाही. हा विषाणू घर बघून येत नाही. लिहा."

त्याने लिहिलं.

जिन्यात नातवाने विचारलं, कॅन्सर कुठे होतो. सुनेने त्याचा हात ओढला. मी जागेचं नाव घेऊन सांगितलं. तिथून रक्त आलं तर मलमावर भागवायचं नाही, तपासून घ्यायचं, हेही सांगितलं. यापुढे जो विचारेल त्याला असंच सांगणार. ज्याला लाज वाटेल त्याने उठून जावं. मी आवाज खाली करणार नाही.