पैनगंगेच्या घाटावरची राखी

मंडळी, आज राखीची सुट्टी सारी पैनगंगेच्या घाटावर गेली. मी अल्याड तेलंगणात, भीमपूरकडं, ताई पल्याड महाराष्ट्रात. डोंग्यानं नदी ओलांडली की तिचं गाव. पण वारं असं सुटलं होतं की डोंगा सोडायला कोणी तयार नव्हतं.

"बाईच्या अंगात आलं हाय, बसा," डोंगेवाले काका बोलले.

मी येड्यासारखा घाटावर बाई शोधून राह्यलो! काकांनी हनुवटीनं नदी दाखवली.

गढूळ लाटा काठावर आपटत होत्या. पल्याड ताईची हिरवी साडी फडफडत होती. फोनवर बोलत बोलत दोघांनी आपापल्या काठावर डबा खाल्ला.

दिवस कलला अन् वारं एकदम पडलं. पाणी इतकं गुळगुळीत झालं, की आख्खं आभाळ त्यात उतरलं. काकांनी हात जोडले. मीबी जोडले.

फोन वाजला. "आता काऊन बसला रे? ये ना!"

मी हळूच बोललो, "थांब ताई. बाई आत्ताच निजली."

पल्याड ताईबी गुपचूप खाली बसली.