ओळख लपवलेला माणूस

मी गडचांदूरच्या एका शाळेत शिकवते. त्या दुपारी मधली सुट्टी झाली होती, मी डबा उघडत होते, तेवढ्यात चुलतभावानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'ताई, पाह्य बरं. मोठेबाबा वाटून राह्यले.' मोठेबाबा म्हणजे माझे बाबा.

कुठल्याशा माहितीपटाचा तुकडा होता. आधी आकाशातून दिसणारं जंगल, मग रिकामी सडक, मागे ढोलाचा संथ ठोका. मग स्टुलावर बसलेला एक माणूस. त्याचा चेहरा धूसर केलेला. आवाजही बदललेला, जाड, विहिरीतून आल्यासारखा. खाली पट्टी होती : 'सुरक्षेसाठी ओळख लपवली आहे.' तो माणूस सांगत होता, "अंधार पडला का येतात. पह्यले कुत्र्यायले समजते. मंग आम्ही दारं लावून घेतो. कोनी आवाज करत नाई." लगेच पुन्हा जंगल, झाडांमागून हलणारा बॅटरीचा उजेड, आणि इथल्या माणसांच्या भीतीविषयी बोलणारा निवेदकाचा घोगरा सूर.

मी हात ओळखले. बाबांच्या उजव्या करंगळीचं टोक नाही. ट्रकच्या चाकाची रिंग निसटली होती तेव्हा ते गेलं. मागे टांगलेल्या ट्यूबा, हवा भरायचा निळा कॉम्प्रेसर, शेजारच्या शिलाईवाल्या चाचांच्या दुकानाचा फुलाफुलांचा पडदा. चेहरा तेवढा झाकला होता, बाकी सगळं उघडं होतं. आमच्या एटापल्लीतल्या कोणालाही तो माणूस ओळखायला क्षण लागला नसता.

डबा तसाच बंद केला आणि घरी फोन लावला. आईनं उचलला. मी व्हिडिओचं नाव काढताच ती हळू आवाजात म्हणाली, "फोनवर नोको बोलू बाई. जमत असन तं ये."

बाबा कशाबद्दल बोलत होते ते मला माहीत होतं. अस्वलांबद्दल. आमच्या घरामागे मोहाची झाडं आहेत. त्या उन्हाळ्यात फुलं पडायला लागल्यावर अस्वलं अगदी परसापर्यंत यायची. बाबांनी मला ते रंगवून रंगवून सांगितलं होतं. पण व्हिडिओत 'अस्वल' हा शब्दच नव्हता. आणि आमच्या भागात 'अंधार पडल्यावर येतात' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात अस्वल येत नाही, जंगलातली बंदूकवाली माणसं येतात.

बाहेरच्या माणसाला यातली भीती कदाचित समजणार नाही. आता दिवस पूर्वीसारखे राहिले नाहीत, असं सगळेच म्हणतात. पण टीव्हीवर कोणाचा चेहरा धूसर करतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. पकडलेल्याचा करतात, शरण आलेल्याचा करतात, नाही तर पोलिसांना खबर देणाऱ्याचा. ज्यानं काही केलं नाही त्याला चेहरा असतो. बाबांचं पंक्चरचं दुकान. तिथे सगळ्यांच्याच गाड्या येतात, सरकारी येतात, जंगलात आत असलेल्या गावांतल्या येतात. कुठून आला, कुठे चालला, हे बाबांनी आयुष्यात कोणाला विचारलं नाही. 'चाकाचं विचाराव, मानसाचं नाई,' असं ते म्हणायचे. त्या एका सवयीवर त्यांनी इतकी वर्षं त्या गावात निभावली होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून निघाले. राजुरा, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. गाड्या बदलत, खिडकीला डोकं टेकून, दर थोड्या वेळानं तो व्हिडिओ काढून पाहत. आणखी किती लोकांनी पाहिला तो आकडा खाली वाढत होता. आलापल्लीच्या स्टँडवर माझ्या शेजारी दोन पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून काहीतरी पाहत होती आणि मला वाटलं, तेच पाहत असतील. तसं नसणार. पण मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

पोचले तेव्हा बाबा दुकानात एकटेच होते. मला पाहून हसले, पण उठले नाहीत. मी बसले असताना एक मोटारसायकलवाला आला, स्वतःच हवा भरली, पैसे ठेवले आणि गेला. एरवी असा माणूस चहा पिऊन जायचा. थोड्या वेळानं ठाण्यातला एक ओळखीचा शिपाई आला. "काय भाऊ, फेमस झाले तुम्ही!" तो हसत म्हणाला. तो गमतीनंच म्हणाला असेल. पण नेमकं त्याच वेळी सडकेपलीकडून आतल्या गावची दोन माणसं जात होती. त्यांनी शिपायाला हसताना पाहिलं, बाबांना पाहिलं आणि ती पुढे गेली.

घरी आईनं बाबांची बॅग भरून ठेवली होती. "यायले घेऊन जाय तुह्या घरी," ती मला म्हणाली. "दोन-तीन महिने ठेव. लोकं इसरतीन."

बाबा हातपाय धुऊन आले. बॅग पाहिली. "मी कुठीच नाई जात."

"काऊन नाई?" आईचा आवाज चढला. "इथी बसून वाट पाहाची हाय का कोनाची?"

"अवो, आज गेलो तं ते खरं वाटन. ज्याच्या मनात नाई त्याच्याबी मनात येईन. मंग परत कोन्या तोंडानं येऊ?"

मला दोघांचंही पटत होतं, आणि तेच वाईट होतं.

माहितीपट करणारी पुण्याची एक मुलगी होती. तिच्या गाडीचं चाक बसलं म्हणून दुकानात थांबली होती, तिथे गप्पा झाल्या आणि तिनं कॅमेरा लावला. नंबर बाबांकडे होता. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी भांडायच्या तयारीत होते, पण तिचा आवाज ऐकून भांडण अर्ध्यावर आलं. ती खरंच घाबरली.

"अहो, काकांच्या सुरक्षेसाठीच केलं आम्ही," ती म्हणाली. "त्या भागातल्या कोणाचाही चेहरा दाखवायचा नाही, असा चॅनलचा नियमच आहे."

"पण ते अस्वलांबद्दल बोलत होते. अस्वलं कुठं गेली?"

ती म्हणाली, "आम्ही प्रश्न काढून टाकतो. फक्त उत्तरं ठेवतो. तशी पद्धतच आहे. अस्वलाचं नाव माझ्या प्रश्नात होतं. एडिट करणारा दिल्लीत बसतो, त्याच्यापुढे फक्त लिहिलेली उत्तरं होती. मी शेवटी पाहिलं तेव्हा मला ते... खटकलं नाही. चुकलंच माझं."

बाबांनी फोन हातात घेतला. "बेटा, तुह्यावर राग नाई. पन ते पूरं हाय का तुह्याकडं? मले तोंड असलेलं?"

संध्याकाळी तिनं मूळ चित्रण पाठवलं. त्यात तिचा आवाज होता : "काका, अस्वलं कधी येतात हो?" मग बाबांचा स्वच्छ चेहरा, त्यांचा स्वतःचा आवाज, तीच वाक्यं. आणि त्यानंतर जे कापलं होतं ते. बाबा स्टुलावरून उठतात, कंबरेत वाकून, हात लोंबकळत ठेवून अस्वल कसं डुलत डुलत येतं ते करून दाखवतात आणि स्वतःच हसतात. ते पाहून आईनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली ते मला नक्की सांगता येणार नाही.

"हे मी सगळ्यायले दाखवतो," बाबा म्हणाले.

"कोनाले दाखवता?" आई म्हणाली. "ज्यानं नाई पाह्यलं त्याले अजून सांगाचं का?"

तेही खरं होतं. सांगायला गेलं की माणूस सफाई देतोय असं दिसतं. पण दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि बाबांनी ऐकलं नाही. सगळ्यात आधी त्यांनी चाचांना बोलावलं. चाचा मशीनवरून उठून आले, चष्मा कपाळावर सरकवून पाहू लागले आणि अस्वलाच्या चालीपाशी येऊन असे हसले की बाजारातल्या चार बायका थांबल्या. "अरे, हे तर पिक्चरपेक्षा भारी आहे!" म्हणत त्यांनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. माणसं जमली. कोणी म्हणालं, आमच्याकडेही आलं होतं अस्वल. मी बाजूला उभी राहून एकेक चेहरा पाहत होते. कोण हसतंय, कोण हसत नाही.

आतल्या गावचे एक म्हातारे शेवटपर्यंत हसले नाहीत. त्यांनी पूर्ण पाहिलं, मोबाइल परत दिला आणि बाबांना म्हणाले, "आमच्याकडं तो पह्यला व्हिडिओ आला, भाऊ. सगळ्यायनं पाह्यला. हाबी येईन. पन कधी येईन, सांगता येत नाई."

ते ऐकून बाबांचा चेहरा उतरला. त्या दिवसांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं ते तेवढंच. गर्दी पांगल्यावर ते बराच वेळ हातातला टायर नुसताच फिरवत बसले.

मी परतायच्या आदल्या दिवशी बाबा आलापल्लीला जातो म्हणून गेले आणि एक गुंडाळी घेऊन आले. उघडली तर फ्लेक्स. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला लागतात तसा. मधोमध बाबांचा चेहरा, मोठा, नेहमीची टोपी नसलेला, जरा जास्तच गोरा केलेला. वर त्यांचं पूर्ण नाव. खाली 'पंक्चर, हवा, सर्व गाड्यांचे टायर' आणि फोन नंबर. इतक्या वर्षांत दुकानाला पाटी नव्हती. आपला फोटो काढू द्यायलाही ते लाजायचे. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये बहुतेक जागी त्यांची पाठच आहे.

"आता नावबी टांगा नं तोंडबी टांगा," आई म्हणाली. "लोकायले शोधाचीबी मेहनत नाई."

"शोधू दे," बाबा म्हणाले. "ज्याले इचाराचं त्यानं सामने येऊन इचाराव."

चाचांनी शिडी धरली आणि बाबांनी स्वतः तो फ्लेक्स तारेनं बांधला. मी खालून पाहत होते. ते करणं बरोबर आहे की चूक, मला कळत नव्हतं. आजही कळत नाही.

पुढे त्या मुलीनं चॅनलशी भांडून तो भाग काढायला लावला. म्हणजे चूक झाली असं कुठे आलं नाही, अस्वलंही दाखवली नाहीत. तेवढे क्षण नुसते गाळले. माणसांनी एकमेकांना पाठवलेला तुकडा मात्र राहिला तो राहिलाच. अजूनही कधीतरी एखाद्या ग्रुपवर तो येतो, खाली तीच पट्टी असते.

दुकानात गिऱ्हाईक परत आलं, हळूहळू. पुन्हा चहा होऊ लागला. कोणी येऊन बाबांना काही विचारलं नाही, ना ह्यांनी ना त्यांनी. काही झालं नाही, असंच म्हणायला हवं. फक्त मी रोज संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी फोन करते, आणि रिंग वाजत असते तोवर उभी राहते. बसून फोन लावणं मला अजून जमत नाही.